थोमा गवंड्याचे विसरलेले वचन

एकदा एका तरुण उपदेशकाच्या हातून मोठी चूक झाली, आणि दैव असे की त्या चुकीबद्दल गावाने त्याचे कौतुकच केले.

त्याच्या ख्रिस्ती मंडळीत वचने पाठ करण्याची रीत होती. दर रविवारी प्रत्येकाने उभे राहून शास्त्रातले एक वचन म्हणायचे. अडखळला, की पुढच्या रविवारी पुन्हा तेच. थोमा गवंडी निरक्षर, पण बायकोकडून ऐकून ऐकून त्याने पुष्कळ वचने मुखोद्गत केली होती. तो अंथरुणाला खिळला तेव्हा उपदेशक रोज त्याच्या घरी जाई.

"थोमाभाऊ, म्हणा बघू आपलं वचन."

"अर्धंच आठवतंय, मास्तर," थोमा ओशाळून म्हणे.

"नेट लावा. घट्ट धरून ठेवा, सोडू नका. तेच तुम्हाला तारील."

बिचाऱ्याने नेट लावला. शेवटच्या दिवशी पहिले तीन शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. चौथा काही केल्या येईना, आणि डोळ्यांत भीती घेऊनच तो गेला.

उपदेशकाने त्याला शेवटपर्यंत विश्वासात टिकवले, असे लोक म्हणाले. पण थोमाची बायको दीनाबाई हिने मातीच्या दिवशीच उपदेशकाला गाठले. "मास्तर, वचन पुरं झालं नाही ह्यांचं. मग हे तरले असतील का?" त्याने तिथून काढता पाय घेतला. दीनाबाईने अन्न टाकल्यासारखे केले, तेव्हा मात्र त्याच्याने राहवेना. तो आपल्या गुरूंकडे, म्हाताऱ्या पाळकबाबांकडे गेला आणि सारे सांगून मोकळा झाला.

पाळकबाबा उठले. ते त्याला देवळामागच्या विहिरीवर घेऊन गेले. उन्हाळ्याने तळ उघडा पडला होता आणि गडी गाळ काढत होते. बाबांनी त्याला गाळाच्या टोपलीत बसवून खाली सोडायला लावले, टोपली वर घेतली आणि नुसता दोर सोडला.

"घट्ट धर!"

गडी ओढू लागले. तो पुरुषभर वर येतो न येतो तोच तळवे सोलवटले, हात भरून आले, आणि स्वारी धपकन चिखलात. गडी खो-खो हसले. बाबा हसले नाहीत.

"आता तोच दोर काखेखालून बांधून घे. आणि हात मोकळे सोड."

हात सोडायला सांगणे सोपे. अर्ध्या वाटेपर्यंत तो दोर पकडायलाच धडपडत होता. अखेर थकून त्याने हात सोडले, आणि सुखरूप वर आला.

"दोर तोच, ओढणारेही तेच," बाबा म्हणाले. "पण आधी सगळा भार तुझ्या मुठीवर होता, नंतर दोराने तुला धरलं. लेकरा, आपण देवाला धरतो म्हणून तरत नाही, तो आपल्याला धरतो म्हणून तरतो. अंगात बळ आहे तोवर वचन जरूर धरावं, जिवाला उभारी येते. पण दुखण्यात, म्हातारपणात साऱ्यांच्याच मुठी उघडतात. तेव्हा त्याचं धरणं हेच आपलं बळ. तू थोमाला त्याच्या मुठीच्या भरवशावर सोडलंस."

मग ते म्हणाले, "ही वचनांची रीत पाडली मीच. पाठ करायला शिकवलं. विसरल्यावर काय, ते शिकवायचं राहूनच गेलं." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते.

उपदेशक चिखलाच्या कपड्यांनीच दीनाबाईच्या दारात उभा राहिला. "बाई, थोमाभाऊ तरले. वचन सुटलं तरी प्रभूने त्यांना सोडलं नाही. मीच त्यांना चुकीचं सांगत होतो."

दीनाबाई उंबऱ्यावर बसली. कितीतरी वेळ ती रडली, आणि रडता रडता तिचा चेहरा निवळला. मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "बरं केलंत. पण मास्तर, एवढंच त्यांना जाण्याआधी सांगायचं होतं हो. एका वाक्याचं तर काम होतं."

त्यानंतर कोणत्याही आजाऱ्याला उपदेशकाने वचन म्हणायला लावले नाही. उशाशी बसून तो स्वतःच म्हणत असे.