विहिरीतला आवाज

पूर्वी कंकोळ नगरात राजा सुतसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व विहिरी खणणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. हाताला घट्टे, बोलणे मोजके.

त्या कुळात एक रीत होती. विहीर ढासळून कोणी गाडला गेला, की वरच्यांनी गप्प व्हायचे. आतून आवाज आला तरी उत्तर द्यायचे नाही. विहीरच गेलेल्याच्या आवाजात बोलते आणि दुसरा बळी ओढते, असे सगळे मानीत. मग गेलेल्याच्या बायकोने पहिली मूठ माती टाकायची आणि बाकीच्यांनी विहीर बुजवायची. तो खरोखर गेला आहे का, हे बघायची तसदी मात्र कोणी घेत नसे.

एका सकाळी राजाच्या उद्यानातली विहीर ढासळली आणि पुन्नक नावाचा तरुण आत गाडला गेला. त्याची बायको सामा धावत आली, तेव्हा खणणाऱ्यांचा नायक कट्ठक याने तिच्या हातात माती ठेवली.

"टाक, पोरी. विहिरीने घेतला त्याला."

सामाने मूठ आवळली. तेवढ्यात खालून कण्हण्याचा आवाज आला. सगळे मागे सरले. सामाही सरली, कारण लहानपणापासून तिने तेच ऐकले होते. त्या एका पावलाची तिला पुढे जन्मभर लाज वाटली.

बोधिसत्त्व मात्र काठावर फळी टाकून तिच्यावर पालथा पडला.

"पुन्नका, मी वर आहे. तुझा डावा हात हलतो का?"

"बोलू नकोस विहिरीशी!" कट्ठक ओरडला.

"हलतो," खालून क्षीण उत्तर आले.

"विहिरीला डावा हात कुठून आला, नायक?" बोधिसत्त्वाने विचारले.

कट्ठकाने कान झाकून घेतले. "माझा भाऊही असाच आतून हाका मारत होता. मी त्याच्यावर माती लोटली. ती विहीर होती. विहीरच होती ती!"

खालून पुन्नकाने विचारले, "दादा, मी जगेन का रे?"

"ते मला ठाऊक नाही. मी इथून हलणार नाही, एवढे ठाऊक आहे. आता छातीपुढची माती डाव्या हाताने बाजूला कर. दोर सोडतोय. तुझ्या उजव्या खांद्याशी येईल."

सामा आली तेव्हापासून तिने 'विहिरीने घेतला त्याला' एवढेच ऐकले होते, आणि त्या बोलण्यात धरून ठेवावे असे काही नव्हते. हे बोलणे मात्र तिने घट्ट धरले. ती कट्ठकासमोर गेली आणि तिने मूठभर माती त्याच्या पायांवर टाकली.

"तुमची माती तुम्हालाच लखलाभ. माझा नवरा बोलतो आहे."

तिने दोराचे टोक कमरेला गुंडाळले आणि पाय रोवून उभी राहिली. एक जण पुढे आला, मग दोघे, मग सगळे. कट्ठक एकटाच दूर उभा होता.

"नायक, तुमचा जोर लागेल," बोधिसत्त्व म्हणाला. "सामाच्या मागे उभे राहा."

रागाचा एक शब्दही त्यात नव्हता. कट्ठक रडत रडत आला आणि त्याने दोर धरला. ऊन डोक्यावर येण्याआधी पुन्नक वर निघाला, मातीने माखलेला आणि जिवंत.

विहारातल्या भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ता, म्हणाले, "भिक्षूंनो, आज विहारात जो आजारी पडला आहे, तो त्या जन्मीचा पुन्नक. त्याच्या कानी पडेल असे 'आता याचे काही खरे नाही' म्हणणारा वडीलधारा भिक्षू, आपला स्थविर, तो कट्ठक. त्याला पेज भरवणारी उपासिका, ती सामा. फळीवर पालथा पडलेला मीच होतो. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे आणि ठाऊक आहे ते धीराने सांगत राहणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता. आता उठा, त्या आजाऱ्याजवळ जा आणि त्याला नावाने हाक मारा."