पुढचा आणि मागचा

कुण्या एके काळी एका मोटारसायकलीच्या इंजिनात दोन सिलिंडर एकामागे एक राहत. पुढचा वाऱ्याला छाती देऊन उभा असे. मागच्याच्या वाट्याला पुढच्याला लागून आलेली गरम हवाच येई.

"काम दोघांचं सारखंच," पुढचा म्हणे, "तरी तूच तापतोस. तुझ्या अंगात दमच नाही."

आपल्यातच काही उणं असेल, असं मागच्यालाही वाटू लागलं होतं.

एकदा गुरांच्या डॉक्टर शेवंताबाई निकम एका अडलेल्या म्हशीसाठी याच मोटारसायकलीवरून घाट चढत होत्या. वळणावर ट्रक उलटला होता. गाड्या जागीच थांबल्या. इंजिन चालू राहिलं, पण वारा लागेना.

थोड्याच वेळात पुढचा कण्हला, "अरे, अंग भाजतंय माझं!"

म्हणजे गारवा याचा नव्हताच, वाऱ्याचा होता, हे मागच्याला उमगलं. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

"खडखड कर," तो म्हणाला. "मीही करतो."

"बाईंनी भंगारात काढलं तर?"

"गप्प राहिलो तर जाम होऊ. मग म्हशीपर्यंत त्यांना कोण नेणार?"

दोघेही खडखडले. बाईंनी लगेच इंजिन बंद केलं, हात जवळ नेऊन पाहिला. "तापलात होय रे? निवा जरा."

वाट मोकळी होईतो दोघे निवले. बाई वेळेवर पोचल्या, म्हैस सुटली, रेडकू उभं राहिलं.

परतीच्या उतारावर समोरून वारा आला. पुढचा हळूच म्हणाला, "दादा, तुझ्यापर्यंत पोचतोय का थोडा?"