खडकदऱ्याच्या विहिरीचा दोर

खडकदऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीतील विहिरीत वाकून पाहिले, तर काठाच्या वीतभर खाली चुन्यासारखी एक पांढरी रेघ दिसते. पाणी काही वेळ एका पातळीवर थांबून ओसरले, की दगडावर असा क्षार उरतो. ही रेघ चारही अंगांना सारख्याच उंचीवर आहे. नवल एवढेच, की भर पावसाळ्यातही या विहिरीचे पाणी त्या रेघेच्या पुष्कळ खाली असते. तिथवर ते एकदाच चढले. भाविकहो, ती कथा शांत चित्ताने ऐका.

त्या साली कृपाबुवा महाराजांचा मुक्काम खडकदऱ्याला होता. अंगात पांढरी बंडी, खांद्यावर वीणा, आणि मुखी अखंड प्रभू येशूचे नाम. महाराज कीर्तन करीत गावोगाव फिरत. कुणी भाकरी दिली तर खात, नाही दिली तर गात. वस्तीवरच्या देवळाच्या ओसरीत त्यांनी घोंगडी टाकली होती.

या वस्तीची एक रीत होती. शनिवारी सांजेची घंटा झाली, की विहिरीच्या रहाटावरचा दोर सोडायचा आणि देवळात, उपदेशाच्या चौरंगामागच्या खुंटीला अडकवायचा. तो पुन्हा चढायचा सोमवारी पहाटे. रविवार हा देवाचा दिवस. त्या दिवशी पाणीसुद्धा शेंदायचे नाही. हे दोर सोडण्या-बांधण्याचे काम साळव्यांच्या घराकडे होते. शिमोन साळवे गेल्यावर ते त्यांच्या विधवा पत्नीकडे, हन्नाबाईंकडे आले.

हन्नाबाईंना वाचता येत नव्हते. शास्त्र त्यांनी कानांनीच साठवले होते. दिवसभर देऊळ झाडावे, दिव्याच्या काचा पुसाव्यात, आणि कुणी काही म्हटले तर मान खाली घालावी, असा त्यांचा स्वभाव. पण मनात एक काटा होता. पूर्वी एका रविवारी उन्हातून आलेल्या वाटसरूला त्यांनी दोर नाही म्हणून परत पाठवले होते. तो टेकडीपलीकडे गेला, त्याचे पुढे काय झाले कुणास ठाऊक! तेव्हापासून दर शनिवारी दोर सोडताना त्यांचे हात अडखळत. पंचांना काही सांगावे असे ओठांवर येई आणि विरून जाई. देवाची आज्ञा ती देवाची आज्ञा. आपण कोण?

त्या उन्हाळ्यात एका रविवारी, उपासना सुटता सुटता, खाणीवर उतरलेल्या वडारांच्या पालावरून तुळसा नावाची बाई आली. पाण्याची मडकी लादलेले त्यांचे गाढव घसरून पडले होते, मडक्यांचा चुरा झाला होता. वरच्या आळीतल्या विहिरीवर त्यांना कुणी पाऊल ठेवू देईना. लोकांनी शनिवारच्या साठ्यातले तांब्या-तांब्या पाणी दिले. हन्नाबाईंनी आपली घागर पार उपडी केली. पण पालावर हगवणीची साथ होती. ते पाणी बघता बघता संपले. ऊन डोक्यावर आले तेव्हा तुळसा पुन्हा देवळाच्या दारात उभी. या खेपेला खांद्यावर लेक होती, मान टाकलेली.

"आई, पोरगी डोळे उघडंना. दोर द्या तेवढा. मीच वडते पाणी, तुमी हात नका लावू."

हन्नाबाईंनी खुंटीवरचा दोर काढला. दोन पावले गेल्या आणि थांबल्या. समोर योनाथान मास्तर उभे होते.

मास्तर मंडळीचे मुख्य पंच. शास्त्रातला कुठलाही अध्याय विचारा, तोंडपाठ!

"कुठं निघाली स्वारी?" मास्तर म्हणाले. "देवानं स्वतःच्या बोटानं दगडावर लिहिलेली आज्ञा, ती आता साळवीणबाई पुसणार वाटतं?"

ओसरीवरून कृपाबुवा महाराज म्हणाले, "मास्तर, विश्रामाच्या दिवशी कुणाचा बैल विहिरीत पडला, तर तो वर काढाल ना? प्रभूंनीच विचारलंय हे."

"काढीन की! पण बैल कुठाय, बुवा? विहिरीत कोण पडलंय? मला तर कोरडी घागर दिसतेय." दोन-चार जण हसले. मग मास्तरांचा आवाज खाली आला. "हसण्यावारी नेऊ नका. हा दोर खुंटीला का गेला, ठाऊक आहे? आपले आजे बाप्तिस्मा घेऊनसुद्धा वेठीला जात होते. वाड्यावरचा माणूस यायचा, शेंद म्हणायचा, की शेंदायचं. दिवस नाही, वार नाही. पाळकसाहेबांनी दोर देवळात ठेवला आणि सांगितलं, आज देवाचा दिवस, दोर देवाकडे आहे, त्याच्याकडे मागा. तेव्हा पहिल्यांदा आपल्या माणसाची पाठ जमिनीला टेकली. हा दोर एकदा रविवारी खाली उतरला, की पुन्हा हाक येईल."

हन्नाबाईंच्या डोळ्यांपुढे आजेसासऱ्यांचे घट्टे पडलेले तळवे आले. मास्तर खोटे बोलत नव्हते! मग ही पोर? हीही खोटी नव्हती. त्या दोर उराशी धरून ओसरीकडे वळल्या.

"महाराज," त्या म्हणाल्या, "तेही वचन देवाचंच, हेही देवाचंच. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. मी कुठलं मोडू?"

महाराजांचेही डोळे भरले होते. "माय, मलाही कळत नाहीये," महाराज म्हणाले. "पण ज्याची वचनं आहेत तो बहिरा नाही. दोर राहू दे इथं. घागर घे आणि काठावर जा. जेवढं कळतंय तेवढं तर कर."

"वा!" मास्तर म्हणाले. "बिनदोराची घागर! आता पाणीच उठून हिच्या कमरेवर बसणार!"

हन्नाबाई गेल्या. मागे हसू, पुढे ऊन. काठावर गुडघे टेकून त्यांनी आत पाहिले. खोल तळाशी पाण्याचे भिंग चकाकत होते. प्रार्थनेला शब्द सुचेनात. "प्रभू, मला कळत नाही," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या आणि रिकामी घागर त्यांनी आत धरली. ओसरीवर महाराजांची वीणा झंकारू लागली.

आणि अहाहा, काय त्या दयाघनाची करुणा! प्रथम गार वारा तोंडावर आला. मग ते भिंग मोठे होऊ लागले. कपारीतले पारवे फडफडत बाहेर पडले. एकेक थर बुडवीत पाणी निःशब्द वर चढले आणि हन्नाबाईंच्या घागरीच्या बुडाला लागून थांबले. ना लाट, ना खळखळ!

तुळसाने ओंजळीने लेकीच्या ओठांवर पाणी सोडले. थेंब थेंब करता करता पोरीने घोट गिळला, आणखी एक गिळला, आणि डोळे उघडून आईकडे पाहिले. सगळे पाल धावत आले. वस्ती धावत आली.

मास्तरही आले. काठाच्या वीतभर खाली थांबलेल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "पाहिलंत? देवानं दोर खुंटीवरच ठेवला. आज्ञा मोडू दिली नाही त्यानं."

"आणि पोरगी मरू दिली नाही!" गर्दीतून कुणी म्हणाले.

हन्नाबाईंचा गोंधळ आणखीच वाढला. देव नेमका कुणाच्या बाजूने बोलला? दोराच्या, की तहानेच्या?

महाराज काठाशी आले. "मास्तर, ती आज्ञा तुम्हाला पाठ आहे. विसावा कुणाकुणाला द्यायचा म्हणून सांगितलंय तिच्यात?"

मास्तर सवयीने म्हणू लागले, "तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं, आणि तुझ्या वेशीच्या आतला उपरा..." आणि ते थबकले. वेशीच्या आतली उपरी समोरच बसली होती, लेकीला पाणी पाजत.

"तहानेल्याचा विसावा म्हणजे पाणी. आज ते त्यानं वर आणलं," महाराज म्हणाले, "आपल्या वेठीच्या आठवणीचाही मान राखला. पण दर रविवारी तो पाणी चढवणार नाही, मास्तर. पुढच्या रविवारी वर आणायचं काम आपलं."

एका म्हाताऱ्या वडाराने आपले रिकामे डबडे मास्तरांपुढे धरले. ते भरायचे तर काठावर गुडघे टेकावे लागत, डोके दगडाला लागेपर्यंत वाकावे लागे. मास्तर वाकले. डबडे भरून त्यांनी म्हाताऱ्याच्या हाती दिले, आणि तसेच वळून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"माझ्या पायांशी काय आहे?" महाराजांनी त्यांना उठवले. "दोर साळव्यांच्या घरचा. त्यांना विचारा."

मास्तरांनी हात जोडले आणि हन्नाबाईंपुढे मान लववली. "हन्नाबाई, मी हसलो तुम्हाला. आता तुम्हीच सांगा. मला काही कळेनासं झालंय."

कळले तर हन्नाबाईंनाही नव्हते. सूर्य कलला होता, पाणी पांढरी ओली रेघ मागे ठेवून हळूहळू उतरू लागले होते. टेकडीपलीकडे गेलेला तो वाटसरू त्यांना आठवला. आजेसासऱ्यांचे तळवेही आठवले. साऱ्या वस्तीसमोर त्यांनी आयुष्यात प्रथमच मान वर केली.

"येत्या शनिवारपासून मी दोर सोडणार नाही," हन्नाबाई म्हणाल्या. "तो रहाटावरच राहील. वेठीला कुणी हाक मारली, तर काठावर उभी राहून मी नाही म्हणेन. आणि तहानेला कुणी आलं, तर मी शेंदीन."