बगळ्याचा कान

जनावरं बोलत असत आणि सिंहमहाराज ते ऐकतही असत, तेव्हाची ही गोष्ट. एका दुपारी अशी गारपीट झाली, की माळावर गवत उरलं नाही आणि एक फूलही उरलं नाही. चौथ्या दिवशी आरोळी उठली, "मदत आली! महाराजांची मदत आली!" शेळ्या उड्या मारत निघाल्या, गाई शेपट्या उंचावून धावल्या. वडाखाली चाऱ्याचे भारे होते, गुळाच्या ढेपी होत्या आणि यादी घेऊन बसलेला बगळा होता.

"कानातला बिल्ला दाखवायचा आणि आपला वाटा उचलायचा!" बगळा ओरडला.

रांग भराभर सरकली. मधमाश्यांची राणी पुढे आली. "साहेब, पोळ्यात थेंबभर मध नाही. संध्याकाळपर्यंत पिल्लं मरतील. थोडा गूळ द्या."

"बिल्ला?"

"आम्हाला कानच नाहीत, साहेब."

"मग तुम्ही यादीत बसत नाही. चला, पुढचा!"

पुढे होती चांदरी म्हैस. ती म्हणाली, "बगळेभाऊ, रोज माझ्या पाठीवर बसता, पण तुमचा कान काही मला कधी दिसला नाही."

सगळी रांग बगळ्याच्या गुळगुळीत डोक्याकडे बघू लागली. मग सगळ्यांची नजर त्याच्या पायाशी गेली. तिथे मासळीची टोपली होती, त्याने सकाळीच उचललेला स्वतःचा वाटा.

बगळ्याने एका पंखाने टोपली झाकली आणि दुसऱ्याने गुळाची अख्खी ढेप राणीकडे सरकवली.

"घ्या, घ्या," तो पुटपुटला, "पण आवाज करू नका."

आता मधमाश्यांना आवाज न करता कुठे उडता येतं?