नावाबाहेर राहिलेल्या डांगरवाड्या

एका धरणाच्या पायथ्याला पाटबंधाऱ्याचं एक लहानसं कार्यालय होतं आणि तिथे संगणकावर गजेंद्र वैराळे नावाचा माणूस बसत असे. माणूस कामात तरबेज होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणामुळे झालं नाही.

धरणातून नदीत पाणी सोडायचं असलं की काठच्या लोकांना अगोदर कळवावं लागे. कुणाची मोटर पाण्याशी असे, कुणाची गुरं पात्रात चरत असत. पूर्वी कार्यालयातली माणसं एकेकाला फोन करत बसायची आणि कुणीतरी राहून जायचं. गजेंद्रने यावर तोड काढली. त्याने स्प्रेडशीटमध्ये सगळ्यांची नावं आणि फोन नंबर भरले. मग नंबरांचा तो उभा पट्टा वरपासून खालपर्यंत निवडला, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ‘नदीकाठ’ असं लिहिलं आणि एंटर दाबलं. पट्ट्याला नाव मिळालं. आता संदेश पाठवताना कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत, हे कुणाला लक्षात ठेवावं लागेना. ‘नदीकाठ’ म्हटलं की त्या पट्ट्यातल्या सगळ्यांना एकदम निरोप जाई.

कार्यालयाचे प्रमुख टेकाळे साहेब खूश झाले. वरच्या कार्यालयातून माणसं आली की ते गजेंद्रला बोलावून ती करामत दाखवायला लावत.

हिवाळ्यात नदीचं पाणी ओसरलं तशी काही भोई कुटुंबं पात्रातल्या वाळूत उतरली. वाळूत चर खणून, त्यात खत घालून त्यांनी टरबुजाचे, डांगराचे वेल लावले. वाळूतल्या या डांगरवाड्यांत, वेलांशेजारीच खोप्या घालून ती राहू लागली. त्यांच्यातली द्रुपदाबाई साटोटे शहाणी बाई. खोपी उभी राहताच ती कार्यालयात आली.

“आमची नावं लिहून घ्या,” ती म्हणाली. “पाणी सोडाल तेव्हा आम्हाला आधी कळलं पाहिजे. आम्ही काठावर नाही, नदीतच राहतो.”

गजेंद्रने तिच्यासकट सगळ्या वाडीवाल्यांची नावं आणि नंबर जुन्या यादीच्या खाली टाइप केले. “झालं तुमचं काम, मावशी,” तो म्हणाला.

काम झालं नव्हतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. ज्या दिवशी पट्ट्याला नाव दिलं, त्या दिवशी जेवढ्या ओळी निवडल्या होत्या तेवढ्याच त्या नावात होत्या. खाली नव्याने लिहिलेला माणूस आपोआप आत येत नाही. पट्ट्यांना दिलेल्या नावांची यादी उघडून पट्टा खाली वाढवून द्यावा लागतो. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. पण चहा आला होता, सोबतीला गप्पा होत्या. नंतर करू म्हणून त्याने फाइल बंद केली.

एवढंच झालं असतं तर विसरभोळेपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढे कार्यालयाने एक चाचणी संदेश पाठवला. काठावरच्या गावांत सगळीकडे फोन वाजले. वाळूत एकही वाजला नाही. ही गोष्ट द्रुपदाबाईच्या कानावर आली आणि ती उन्हातान्हातून पुन्हा कार्यालयात आली.

“आम्हाला निरोप आला नाही,” ती म्हणाली.

“वाळूत रेंज नसेल, मावशी,” गजेंद्र स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

“रेंज आहे. माझा भाऊ रोज बोलतो माझ्याशी.”

“मग तुमच्या फोनमध्ये काहीतरी असेल. यादीत नाव आहे तुमचं. हे बघा.” त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिचं नाव खरंच तिथे होतं.

टेकाळे साहेब तेवढ्यात बाहेर आले. “काय झालं, वैराळे?”

“काही नाही साहेब. ‘नदीकाठ’मध्ये सगळे आहेत.”

साहेबांनी मान डोलावली. नाव इतकं नेटकं होतं की आत कोण आहे आणि कोण नाही हे पाहावं असं त्यांनाही वाटलं नाही. बाई परत गेली. तिच्या पाठीमागे गजेंद्रला पट्टा वाढवायला किती वेळ होता! त्याने वाढवला नाही. बाई सांगते म्हणून आपण तपासायचं, हे त्याच्या मनाला पटेना.

चैत्रात टरबुजं भरली. तोडणी दोन-चार दिवसांवर आली आणि खालच्या शहराला पिण्याचं पाणी हवं म्हणून धरणाचे दरवाजे उघडायचा हुकूम आला. गजेंद्रने सकाळी ‘नदीकाठ’ला संदेश पाठवला. काठावरच्यांनी मोटरी वर ओढल्या, गुरं बांधली. वाळूतले लोक वेलांना पाणी घालत राहिले.

दुपारी कडक उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, नदीला पाणी आलं. आधी वाळू ओली झाली. मग वरच्या वळणावरून मातकट लोंढा दिसला. द्रुपदाबाई ओरडत खोपीकडे धावली. आत तिची नात झोपली होती. तिने पोरीला उचललं तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं, आणि काठावर चढेपर्यंत कमरेच्या वर आलं होतं. शेजारच्या वाडीतला म्हातारा संपत वाहून जाता जाता एका बाभळीच्या खुंटाला अडकला, म्हणून वाचला. खोप्या गेल्या, भांडी गेली, सगळी टरबुजं गेली. हिरवीगार टरबुजं गढूळ पाण्यावर डुलत खालच्या पुलाकडे निघाली. पुलाजवळ पोरंटोरं आणि मोठी माणसंही पाण्यात उतरून ती धरत होती, काठावर आपटून फोडत होती आणि हसत हसत खात होती. द्रुपदाबाई नातीला छातीशी धरून हे बघत उभी होती.

गावात बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी चौकशी होणार हे ठरलं.

आता गजेंद्रने काय केलं ते ऐका. त्याने त्या बायामाणसांकडे जाऊन हात जोडले नाहीत. साहेबांकडे जाऊन चूक सांगितली नाही. चौकशीच्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी कार्यालयात आला, पट्ट्यांच्या नावांची यादी उघडली आणि ‘नदीकाठ’चा पट्टा खाली वाडीवाल्यांपर्यंत वाढवून ठेवला. जे काम हिवाळ्यात लोकांना वाचवण्यासाठी करायचं होतं, ते त्याने चैत्रात स्वतःला वाचवण्यासाठी केलं. आणि ते पहिल्याच फटक्यात, अचूक केलं.

वाडीवाले अंगणात जमले. साहेब खुर्ची टाकून बसले.

“साहेब, संदेश सगळ्यांना गेला होता,” गजेंद्र म्हणाला. “यांनी पाहिला नसेल. हवं तर आत्ता सगळ्यांसमोर पाठवून दाखवतो.”

“दाखवा,” साहेब म्हणाले.

त्याने आत जाऊन ‘नदीकाठ’ला संदेश पाठवला. अंगणात एकामागोमाग एक फोन वाजले. कमरेच्या पिशवीतला, टोपीखालचा, पदराच्या गाठीतला. गजेंद्र दारात आला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

द्रुपदाबाईने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग ती उठून उभी राहिली.

“आज वाजला,” ती म्हणाली. “माझा वाजला, संपतबाबाचा वाजला, सगळ्यांचाच वाजला. म्हणजे फोन नीट आहेत. मग त्या दिवशी एकाचाही का वाजला नाही? आणि चाचणीच्या वेळी मी सांगत आले होते, तेव्हा माझ्या फोनात खोट काढली होती ना तुम्ही?”

टेकाळे साहेबांनी गजेंद्रकडे पाहिलं.

“वैराळे, आज सकाळी तुम्ही काय बदललंत?”

गजेंद्रने खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि समोर द्रुपदाबाईच्या कडेवर ती पोर त्याच्याकडे टक लावून बघत होती. “पट्टा वाढवला, साहेब,” तो म्हणाला. “आधी हे लोक त्यात नव्हते. मला माहीत होतं.”

साहेबांनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं की वाडीवाल्यांना कोणतीही सूचना दिली गेली नाही, त्यांचं सगळं नुकसान या कार्यालयामुळे झालं, आणि नाव पाहून गप्प बसणारा प्रमुख म्हणून आपणही त्याला तितकेच जबाबदार आहोत. गजेंद्रवर कारवाई होईल हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

गजेंद्र पायऱ्या उतरून द्रुपदाबाईजवळ आला. “मावशी, माफ करा,” तो म्हणाला.

“माफी घेऊन मी काय करू?” ती म्हणाली. “मला ते तुमचं ‘नदीकाठ’ उघडून दाखवा. आम्ही आत आहोत का, ते माझ्या डोळ्यांनी बघू द्या.”

तो तिला आत घेऊन गेला. त्याने ‘नदीकाठ’ निवडलं. स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत पट्टा उजळला. तिने बोट ठेवून एकेक नाव त्याच्याकडून वाचून घेतलं. आपलं आलं, संपतबाबाचं आलं, वाडीतलं शेवटचंही आलं. तिचं बोट तिथे थांबलं नाही. ते आणखी खाली, रिकाम्या ओळींवर सरकलं.

“आणि उद्या इथे कुणी नवीन आलं तर?” तिने विचारलं.

गजेंद्र खुर्ची ओढून बसला आणि खाली नवं नाव लिहिलं की पट्टा आपोआप वाढेल, अशी सोय करायच्या कामाला लागला.

तात्पर्य: कशालाही ‘सगळे’ असं नाव दिल्याने सगळे त्यात येत नाहीत. नाव देणाऱ्याने आत कोण आहे ते पुन्हा पुन्हा मोजावं. आणि बाहेर राहिलेला माणूस दाराशी येऊन सांगत असेल, तर आपल्या नावापेक्षा त्याच्या शब्दावर आधी विश्वास ठेवावा.