शास्त्रीबुवांसाठी एक फरशी

देवीच्या देवळापुढचं पटांगण फरसबंद करायचं काम राजेसाहेबांनी येसाबाई पाथरवटणीला दिलं, तेव्हा दरबारचे गणिती त्र्यंबकशास्त्री यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जिला दोनाचा पाढा येत नाही, तिच्या हाती एवढं काम?

भर दरबारात त्यांनी दोन नकाशे पसरले. "ह्यात सातशे त्रेचाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीत सातशे त्रेचाळीस फरश्या. त्यात ओळी सातशे बेचाळीस, पण प्रत्येक ओळीत फरश्या सातशे चव्वेचाळीस. कुठल्या पटांगणाला जास्त फरश्या लागतील? माझा गुणाकार होईपर्यंत सांग, नाहीतर काम सोड."

शास्त्रीबुवा धूळपाटीवर आकडे मांडायला बसले. येसाबाईने पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फरश्या इकडच्या तिकडे करण्यात तिचा जन्म गेला होता.

"महाराज, पहिलं पटांगण मी घातलं असं समजा," ती म्हणाली. "आता त्याची शेवटची ओळ उचलते. खाली उरल्या सातशे बेचाळीस ओळी. उचललेल्यांतली एकेक फरशी त्या प्रत्येक ओळीच्या टोकाला लावते. झालं दुसरं पटांगण. उचलल्या होत्या सातशे त्रेचाळीस, लागल्या सातशे बेचाळीस. म्हणजे पहिल्याला एक फरशी जास्त लागते."

राजेसाहेबांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. ते अजून हातचे धरत होते.

"काम तुझंच," राजेसाहेब हसून म्हणाले. "पण त्या उरलेल्या फरशीचं काय करशील?"

"ती शास्त्रीबुवांना बसायला द्यावी, महाराज. त्यांचा गुणाकार उरकेपर्यंत माझं पटांगण घालून होईल."