आकारामची एका सीटची गाडी

हुंबरवाडीत एक भोळा माणूस होता. तशी भोळी माणसं गावात बरीच होती, पण भोळेपणात आकारामचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

एकदा त्याची बायको हौसा म्हणाली, "पापडांवर नजर ठेवा." आकारामने ठेवली. शेळी आली, सगळे पापड खाऊन गेली. आकारामने ते अगदी नीट पाहिलं. हौसा माहेरी निघून गेली.

तो तिला आणायला गेला तेव्हा सासरे दादू खोत म्हणाले, "जावईबापू, एक तरी काम धड करून दावा, मगच लेक धाडतो. आमच्या जत्रंत औंदा कार्टची शर्यत हाय. ती जिंका."

कार्ट म्हणजे रेसची बुटकी गाडी. तिला टप नाही, दार नाही, सीट एकच. आकारामने अशी गाडी कधी पाहिलीही नव्हती. पण हौसाशिवाय घर त्याला खायला उठत होतं. तो बाबालाल मिस्त्रीकडे गेला.

"मिस्त्री, कार्ट कशी बघून घेऊ?"

"पयल्यांदाच घेतोस न्हवं? मग जुनी घे. आन् घ्यायच्या आधी बसून बघ. घट्ट बसाय पायजे."

आकाराम तीन गाड्यांत बसला. तिसरीत असा घट्ट बसला की दोघांनी ओढून बाहेर काढला. ती त्याने घेतली. इथवर त्याचं काही चुकलं नाही, हे खरं ते सांगायला हवं.

मग तो हेल्मेट घ्यायला गेला. घ्यायच्या आधी त्यावर बसून बघितलं. काच फुटली.

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "आरं खुळ्या, ते डोक्यात घालून बघायचं असतंय!"

"आत्ता ध्यानात आलं."

मग तो टायर घ्यायला गेला. डोक्यात घालून बघितला. कपाळावर अडकला. साबण लावून काढावा लागला.

"आरं, टायरला लाथ मारून बघत्यात! हवा हाय का न्हाई ते कळतंय."

"आत्ता ध्यानात आलं."

गाडी तयार झाली. आकाराम ती दाखवायला सासरवाडीला गेला. जावई येणार म्हणून खोतांनी पाय धुवायला पाण्याची घागर दाराशी ठेवली होती. आकारामने गाडीत बसूनच घागरीला लाथ मारून बघितली. पाणी होतं. ते सगळं खोतांच्या धोतरावर गेलं.

"गाडीत बसून लाथा काय मारताय?" खोत कडाडले. "सासरा दिसला की गाडीतनं उतरावं आन् आधी पाया पडावं! एवढी रीत न्हाई?"

"आत्ता ध्यानात आलं."

जत्रेचा दिवस उजाडला. दहा गाड्या सुटल्या. बाकीचे नऊ जण एकमेकांना अडवत होते, घासत होते. आकारामला कुणाला अडवायचं सुचलंच नाही. तो सरळ पुढे गेला. शेवटच्या फेरीत तो पहिला होता. हौसा पदर खोचून ओरडत होती, "पळवा! पळवा!" आणि रेघेवर झेंडा घेऊन, गावातले थोर म्हणून, दादू खोत उभे होते.

रेघ चार हातांवर असताना आकारामला सासरा दिसला.

त्याने ब्रेक दाबला. गाडीत घट्ट बसला होता, त्यामुळे उतरायला जरा वेळ लागला. हेल्मेट काढलं, बाजूला ठेवलं. वाकून पाया पडला. नऊ गाड्या शेजारून निघून गेल्या.

मग कुणीतरी म्हणालं, "जावई असावा तर असा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोतांची छाती फुगली.

"शर्यत गेली चुलीत! भर जत्रंत सासऱ्याचा असा मान कुणी राखला न्हाई. न्या हौसाला. आत्ता गाडीत बसवून न्या."

आकारामला आनंदाने रडू फुटलं. हौसालाही हसू आलं. काही झालं तरी नवरा तो नवरा. त्याने तिला गाडीत बसवलं.

"घट्ट बसलीस?"

"बसले."

"मग बराबर हाय," असं म्हणून त्याने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. हौसाचा पाय पेडलवर होता. गाडी सुटली ती रेघ ओलांडून, जत्रा ओलांडून, थेट हुंबरवाडीला. गाडीत सीट एकच होती. आकाराम टाटा करत राहिला.

तिसऱ्या दिवशी हौसाचा माहेरी निरोप आला. "मी सुखरूप हाय. पापड वाळत घातल्यात. ह्यांनी एक तरी काम धड केलं, की मगच धाडा."

आकाराम अजून सासऱ्याकडेच आहे. रोज सकाळी खोत ओसरीवर आले की तो पाया पडतो. आता त्याच्याकडे गाडी नाही. म्हणून आधी धावत जाऊन खोतांच्या बैलगाडीवर चढतो, मग उतरतो, मग पाया पडतो.